शनिवारची सुट्टी

नोकरीच्या बत्तीस वर्षांत माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी होती आणि सौभाग्यवतींची रविवारी. मी १९८६ साली सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो आणि २०१८ साली देखभाल विभागाचा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. ती शाळेत शिक्षिका होती. नाशिकच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते, ही गोष्ट इथल्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कारण विचारावे असे कुणाला वाटत नाही. कारण विजेचे आहे. राज्यातले सगळे कारखाने रविवारीच बंद राहिले, तर त्या एका दिवशी वीज पडून राहणार आणि उरलेले सहा दिवस अपुरी पडणार, म्हणून सुट्टीचे वार वसाहतींमध्ये वाटून दिले गेले. पिंपरी-चिंचवडकडे गुरुवार गेला, आमच्या वाट्याला शनिवार आला. शनिवारी हिची सकाळची शाळा असे आणि ती दुपारी एकच्या सुमारास घरी येई, त्यामुळे आठवड्यातून एकच दुपार आमची दोघांची असे. बटाट्याची भाजी, पुरी आणि श्रीखंड असा बेत आमच्याकडे रविवारी नव्हे, शनिवारी दुपारी होई, आणि मुलगी लहानपणी सगळ्यांना सांगत सुटे की आमच्याकडे रविवार शनिवारी असतो.

विजेची मागणी सरळ एका रेषेत राहावी म्हणून माणसांचे वेळापत्रक वाकवणे हा प्रकार मी असा फार जवळून पाहिला आहे. त्यामुळे 'संध्याकाळी घरातला वापर कमी करा, दिवसा करा, सवलत मिळवा' असे हल्ली कुणी समजावू लागले की मला त्यात नवे काही वाटत नाही. फक्त जे कारखान्याच्या फाटकाशी थांबत होते ते आता स्वयंपाकघरात आले आहे, एवढेच.

कारखान्यात वेळेनुसार दर ही जुनी बाब होती. रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त, संध्याकाळी सहा ते दहा महाग. भट्टी रात्रपाळीतच लावायची, हा दंडक होता. शिवाय कमाल मागणीचे, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्याचे, शुल्क वेगळे. महिन्याभरात एकदा जरी मागणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरी त्या एका चुकीची किंमत महिन्याच्या बिलात मोजावी लागे. १९९७-९८ च्या सुमारास मी एकदा दुसऱ्या पाळीत दोन्ही कॉम्प्रेसर आणि भट्टी एकदमच चालू करून बसलो होतो. पुढल्या महिन्यात साहेबांनी बोलावून बिल समोर ठेवले, बोलले काहीच नाहीत, आणि ते न बोलणे मला अजून आठवते. घरी आल्यावर मात्र हे सारे शहाणपण मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत असे. घरच्या मीटरला वेळ कळत नव्हती. पहाटे तीनला वापरलेले युनिट आणि संध्याकाळी साडेसातला वापरलेले युनिट त्याच्या लेखी सारखेच, आणि म्हणून आमच्याही लेखी.

ते तसे सारखे नसते, हे घरगुती पातळीवर मला पहिल्यांदा ऐकू आले ते इंग्लंडमधून. मुलगी लीड्सला असते. २३ जानेवारी २०२३ च्या रात्री साडेदहाला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी पाचला, तिने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा पडद्यावर मेणबत्ती आणि तिच्या चेहऱ्याचा अर्धा भाग एवढेच दिसत होते. मी घाबरलो. ती म्हणाली, "बाबा, काही झालेलं नाही. तासभर वीज कमी वापरायची आणि पैसे मिळवायचे, असं चाललंय." त्या हिवाळ्यात ब्रिटनच्या वीजजाळ्याच्या चालकांनी नोव्हेंबरपासून ही योजना सुरू केली होती आणि चाचण्या संपून ती खऱ्या गरजेसाठी वापरली जाण्याची ती पहिलीच संध्याकाळ होती. स्मार्ट मीटर असलेल्या घराने सांगितलेल्या तासात किती वीज वापरली याची तुलना त्याच घराच्या आधीच्या दहा कामाच्या दिवसांतल्या त्याच वेळेच्या सरासरीशी करायची, आणि कमी भरेल तेवढ्याचा मोबदला द्यायचा, अशी ती रचना. युनिटला किमान तीन पौंड, म्हणजे तेव्हाचे तीनशे रुपये, हा दर ऐकून मी उडालोच.

"आणि बाबा," ती हसत म्हणाली, "लहानपणी आपण हेच फुकट करत होतो."

नंतर त्या योजनेचे आकडे वाचले. सोळा लाख घरे आणि छोटी आस्थापने त्यात होती आणि साऱ्या हिवाळ्यात मिळून ३,३०० मेगावॅट-तास, म्हणजे तेहतीस लाख युनिटे, वीज वाचली. भागाकार करून पाहिला तर दर घरामागे हिवाळ्याभरात जेमतेम दोन युनिटे येतात. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असे कुणालाही वाटेल. माझ्यातल्या जुन्या इलेक्ट्रिशियनला मात्र ते चटकन उमगले, कारण दोन युनिटे किती मोठी हा तिथे प्रश्नच नव्हता. ज्या तासाला एखादे जुने, महागडे जनित्र केवळ तासाभरासाठी चालू करावे लागले असते, नेमक्या त्या तासाला ती दोन युनिटे मागितली गेली नाहीत.

आपल्याकडे तो तास दिवेलागणीला येतो. वीज साठवून ठेवायची सोय अजून फार थोडी असल्यामुळे ज्या क्षणी बटण दाबले त्याच क्षणी कुठेतरी ती तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल सुटला की जाळ्याची वारंवारता पन्नास हर्ट्झवरून घसरू लागते. पूर्वी मोठे टंचाईचे तास ठरलेले असत. आता सौर ऊर्जेमुळे दुपार सुकाळाची झाली आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली, तो तेव्हापर्यंतचा उच्चांक होता, आणि तो भर दिवसा, ऊन असताना निभावला गेला. कसोटी लागते ती त्यानंतर, ऊन कलल्यावर. सौर पॅनेल तासा-दीड तासात निजतात आणि त्याच सुमारास घरोघरी दिवे, पंखे, एसी, मिक्सर, पाण्याचे पंप जागे होतात. आमच्या एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रातले २१० मेगावॅटचे संच असे हाक मारल्याबरोबर धावत येत नाहीत. बॉयलर तापायला तास लागतात, म्हणून संध्याकाळी हाताशी असावेत यासाठी त्यांना दुपारी गरज नसतानाही मंद आचेवर ठेवावे लागते. नाशिकरोडहून सिन्नर फाट्याकडे जाताना त्या चिमण्यांचा धूर मी आयुष्यभर पाहिला, पण त्यातला काही धूर माझ्या संध्याकाळच्या बटणाची वाट पाहत असतो, हे कधी मनात आले नव्हते.

झटपट धावून येणारी वीज पाण्याची. कोयना त्यासाठीच मोलाची. आणि आपल्या शेजारी घाटघर आहे, जिथे जायला नाशिककर घोटीमार्गे भंडारदऱ्याला जाऊन पुढे वळतात आणि कोकणकड्यावर भजी खाऊन परत येतात. त्या कड्याच्या वर एक जलाशय आहे आणि खाली शहापूर तालुक्याच्या बाजूला चोंढ्याला दुसरा. मागणी नसते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून १२५ मेगावॅटचे दोन संच फिरवायचे. २००८ साली ते सुरू झाले. मी निवृत्तीनंतर तिथे गेलो तेव्हा कड्यावरच्या धुक्यात बराच वेळ उभा राहून एकच हिशोब करत होतो. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते त्यातली साधारण तीन चतुर्थांश परत मिळते, उरलेली वाटेत जाते. म्हणजे केवळ वेळ बदलून घेण्यासाठी शंभरातली वीस-पंचवीस युनिटे देऊन टाकायला यंत्रणा आनंदाने तयार असते. आणि मी जर संध्याकाळचे गरम पाणी दुपारी तापवून ठेवले, तर तेच काम स्वयंपाकघराशेजारच्या मोरीत, कुणी डोंगर न पोखरता होते.

हे घाटघरचे तत्त्वज्ञान अमलात यायला २०२५ साल उजाडले. वेळेनुसार दराची व्यवस्था घरगुती ग्राहकांपर्यंत न्यावी, असे केंद्र सरकारच्या २०२३ सालच्या नियमांत आलेच होते. २०२५ च्या जुलैपासून आपल्या राज्यात नवे टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे मीटर, बसलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. मला गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. सारी नोकरी मी 'रात्र स्वस्त, दिवस महाग' हे घोकण्यात घालवली होती आणि आता उन्हाने ते सूत्र पार उलटे केले होते.

मीटर बसला त्याच दिवशी मी जिन्याखाली स्टूल घेऊन बसलो. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की एका युनिटला तो ३,२०० वेळा लुकलुकेल. दोन लुकलुकांमधली सेकंदे मोजायची आणि ११२५ या आकड्याला त्यांनी भागायचे, की घरात त्या क्षणी किती वॅट चालू आहेत ते कळते. घरात फक्त फ्रिज चालू असताना ठिपका अकरा सेकंदांनी उजळला, म्हणजे सुमारे शंभर वॅट. फ्रिजही बंद केला, दिव्या-पंख्यांची सगळी बटणे बंद होतीच, तरी तो पन्नास सेकंदांनी लुकलुकतच राहिला; टीव्हीचा डबा, राउटर आणि भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर मिळून बावीस वॅट खात होते, महिन्याला जवळजवळ सोळा युनिटे. मग हिला वरून गिझर लावायला सांगितले आणि ठिपका सेकंदाला दोनदा असा धडधडू लागला, जणू त्याला ताप भरला होता. शेजारच्या दोघांनी येता-जाता "काका, मीटर बिघडला का?" असे विचारले. त्यांना समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.

वही केली. आणि वही केली की माणूस घरच्यांना उपदेश करू लागतो, तसा मीही केला. सातला मिक्सर कशाला, इडलीचे पीठ चारलाच वाटून ठेवत जा, इस्त्री दुपारी, धुण्याचे यंत्र रात्री नाही, अकराला. पहिले दोन दिवस तिने ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी पोळपाट पुढे ओढत ती म्हणाली, "अहो, मग पोळ्या पण साडेचारलाच लाटून ठेवू का? आणि आठला तुम्ही त्या कुरकुर न करता खाणार का?" पोळ्या गॅसवर होतात, विजेचा त्यात संबंध नाही, हे मी म्हणणार होतो, पण तिचा मुद्दा विजेचा नव्हताच. सोयीच्या वेळा बदलायच्या तर त्या कुणाच्या, हा होता. माझ्या वहीतली सगळी कामे तिची होती.

मग तिने वही मागितली आणि चष्मा लावून स्वतः पाहिली. मिक्सर ७५० वॅटचा, पण तो दहा मिनिटे चालतो, म्हणजे युनिटाचा आठवा भाग. धुण्याच्या यंत्राची गार पाण्याची फेरी अर्ध्या युनिटाच्याही आत. संध्याकाळी सहा ते दहामधल्या नोंदींत सर्वांत मोठा आकडा होता तो साडेसातचा, रोजचा, आणि तो माझा होता. गोदापार्कला फिरून आल्यावर मला गरम पाण्याने अंघोळ लागते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला युनिटाचे सात दशांश लागतात. दोन किलोवॅटचा गिझर वीस-बावीस मिनिटे चालतो. "मिक्सरच्या साडेपाच पट," ती म्हणाली. शाळेत गणित शिकवलेल्या बाईशी वाद घालू नये.

त्यावर मी घाटघरचा प्रयोग केला. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी गिझर लावला, पाचच्या आत बंद केला, आणि नळाखाली जामचा जुना तापमापक धरून पाणी मोजले, साठ अंश. साडेसातला पुन्हा मोजले तेव्हा चौपन्न. डिसेंबरातही दोन बादल्यांत गार पाणी मिसळून अंघोळ व्यवस्थित झाली. आता रोज तसेच करतो. जामचा तापमापक गिझरकडे गेल्याबद्दल बोलणी खाल्ली, ती वेगळी.

खरा मासा मात्र घराबाहेर सापडला. आमच्या बारा सदनिकांच्या इमारतीत तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला तीन अश्वशक्तीचा पंप आहे. वॉचमन तो वर्षानुवर्षे संध्याकाळी सातला लावत आला, कारण कुणीतरी कधीतरी तसे सांगितले होते. दीड तासात साधारण चार युनिटे. बारा घरांचे मिक्सर मिळूनही एवढी होत नाहीत. सोसायटीच्या बैठकीत मी पंधरा मिनिटे बोलायची तयारी करून गेलो होतो, पण दोन मिनिटांतच "तीनला लावायला सांगा" असे ठरून मंडळी पार्किंगच्या भांडणाकडे वळली. वॉचमनचा आनंद मात्र पाहण्यासारखा होता. त्याला आता सातच्या मालिकेतून उठावे लागत नाही. ज्याने वेळ बदलली त्याचाच त्यात फायदा झाला, असे माझ्या वहीतले हे एकमेव उदाहरण.

पैशांचे म्हणाल तर घरातली महिन्याकाठी पस्तीसेक युनिटे संध्याकाळवरून दुपारवर आली. ८० पैशांनी अठ्ठावीस रुपये होतात. पंपाची एकशेवीस युनिटे धरली तर आणखी शहाण्णव, तेही बारा घरांत वाटून. लीड्सला मुलीला एका संध्याकाळी जेवढे मिळाले तेवढ्यासाठी आम्हाला वर्ष घालवावे लागेल. एवढ्या रकमेसाठी कुणी आपली सवय मोडणार नाही, आणि जो दिवसभर नोकरीला असतो, ज्याच्या घरात नऊ ते पाच कुणीच नसते, त्याच्यासाठी तर ही सवलत म्हणजे बंद दुकानातली सूट. सवलत मिळते ती माझ्यासारख्या घरी बसलेल्या निवृत्तांना. संध्याकाळी सातला दमून येऊन कुकर, मिक्सर आणि मुलांचा अभ्यास एकाच वेळी उरकणाऱ्या बाईला त्यातले काय मिळणार? म्हणून मी आता कुणाला मिक्सरबद्दल सांगत नाही. गिझर आणि पंप, एवढेच सांगतो, आणि चार्जर काढून ठेवा म्हणतो.

एक माणूस मात्र असा आहे की ज्याला हे सांगायचे धाडस मला कधीच झाले नाही. माझा मेहुणा निफाड तालुक्यात शेती करतो. थोडी द्राक्षे, बाकी कांदा आणि ऊस. मी एकदा त्याच्यासमोर मागणीच्या ऐन तासाला 'पीक अवर' म्हणालो तर त्याने विचारले, "कोणतं पीक, दाजी?" त्याच्याकडे थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळीने येत असे. आपल्याकडे वीज जात-येत नाही, लाईटच जाते-येते. रात्रीची पाळी असली की तो बाराला, एकला, कधी तीनला बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जाई. ऑटो स्विच बसवले होते, पण बारे तर हातानेच मोडावे लागतात ना; पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. त्या पट्ट्यात उसात बिबटे असतात. कडाक्याच्या थंडीत, ओल्या चिखलात, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून तो कांद्याला पाणी भरत असे, आणि त्याच वेळी शहरात आम्ही गिझरच्या पाण्याने अंघोळ करून पांघरुणात शिरलेले असू. जाळ्याचा भार सरळ ठेवण्यासाठी राज्यात सर्वांत जास्त वेळ बदलली असेल ती अशा माणसांनी, आणि त्यांना युनिटमागे काय मिळते, असे कुणी विचारले नव्हते.

२००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत आम्हा शहरवाल्यांनाही भारनियमनाची चव मिळाली होती. मुलगी कंदिलात अभ्यास करताना चिडली की मेहुणा फोनवर हिला हसून म्हणे, "ताई, तुमची जाते तेव्हा तुम्हाला कळतं तरी. आमची येते तेव्हा आम्ही झोपलेलो असतो."

गेल्या वर्षीपासून मेहुण्याच्या शेताला वीज देणारी वाहिनी सौर प्रकल्पावर गेली आणि लाईट दिवसा येऊ लागली. पहिल्या आठवड्यात त्याचा विश्वासच बसला नाही. सवयीने रात्री दोनला जाग येई आणि तो अंगणात येऊन उभा राही, असे वहिनी सांगत होत्या. परवा शनिवारी दुपारी मी त्याला फोन केला. आमची पुरी-श्रीखंडाची जेवणे नुकतीच झाली होती, हिने धुणे गच्चीवर टाकले होते आणि खाली पंपाची घरघर चालू होती. पलीकडूनही मोटरचा आवाज येत होता. आठ वाजता फोन करतो, सविस्तर बोलू, असे मी म्हणालो.

"आठला नको, दाजी," तो म्हणाला. "आठला मी झोपलेलो असतो हल्ली."